फैजपूर १९३६ : पाहुणचार, अभिमान आणि कर्ज

२७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी पूर्व खानदेशातील यावल तालुक्यात, फैजपूर येथे, काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. तोपर्यंत मुंबई, कलकत्ता, लाहोर, कराची, लखनौ अशा शहरांमध्ये फिरणारी ही सभा प्रथमच ग्रामीण भागात आली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलेले होते, १९३५ च्या भारत सरकार कायद्याखालील प्रांतिक निवडणुका अवघ्या काही आठवड्यांवर आल्या होत्या. राजकीय इतिहासात या अधिवेशनाची नोंद मुख्यतः त्यात संमत झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमासाठी होते. प्रस्तुत अभ्यासाचा विषय थोडा वेगळा आहे. लाखाच्या आसपास माणसे त्या शिवारात जमली. त्यांतील बहुतेकांना ठरावांचे मसुदे ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. मग त्यांना एका ठिकाणी बांधले कशाने, त्या बांधणीत कोण आले, कोण कडेला राहिले आणि ती भावना पुढे राजकारणात कुठे खर्ची पडली, हे पाहणे हा येथील हेतू आहे.

जमावाच्या भावनेविषयी दोन जुनी मते आहेत. फ्रेंच लेखक गुस्ताव ल बाँ यांनी १८९५ साली असे मांडले की गर्दीत माणसाचा विवेक गळून पडतो. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली जवळजवळ उलट बाजू घेतली : माणसे एकत्र येतात तेव्हा जी उसळी निर्माण होते तिच्यातूनच समाज स्वतःला ओळखतो आणि टिकतो. दोघांचाही भर जमण्याच्या क्षणावर आहे. फैजपूरचे प्रकरण अभ्यासण्याजोगे वाटते ते यासाठी की तेथे हा क्षण कित्येक महिने आधीपासून हातांनी घडवला जात होता, आणि तो ओसरल्यावर त्याचा हिशेब दोन-तीन वर्षे चालू राहिला.

अधिवेशनापूर्वीचा खानदेश

खानदेशात रयतवारी होती. संयुक्त प्रांत किंवा बिहारप्रमाणे येथे शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये जमीनदार उभा नव्हता. खातेदार आपला सारा, म्हणजे जमीनमहसूल, थेट सरकारला भरत असे, आणि त्याच्या डोक्यावर दुसरा जो कोणी होता तो सावकार होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले. सारा रोखीत ठरलेला, व्याजही रोखीत ठरलेले. भाव निम्म्यावर आला की तोच सारा भरण्यासाठी दुप्पट कापूस जिनात न्यावा लागतो, हे गणित समजायला कोणत्याही पुढाऱ्याची गरज नव्हती. मात्र कर्जाची भावना ही सहसा सामायिक होत नाही. कर्ज ही घरातली गोष्ट मानली जाते, ते भाऊबंदांपासून लपवले जाते, लग्नकार्यात तर मुद्दाम लपवले जाते. गावातील प्रत्येक घर बुडालेले असले तरी प्रत्येकाला आपणच एकटे बुडालो असे वाटत राहते. त्यामुळे मंदीची झळ सर्वांना लागूनही तिच्यातून आपोआप एक सार्वजनिक संताप उभा राहिला नाही.

दुसऱ्या बाजूला, भावना बोलून दाखवण्याची एक नवी रीत याच वर्षांत प्रांतात रुजत होती, आणि तिचे एक केंद्र तुरुंग हे होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील शिक्षकाची नोकरी गुरुजींनी १९३० सालीच सोडली होती. रडणे, हळवे होणे, दुसऱ्याचे दुःख आपले म्हणून सांगणे हे पुरुषाला सभेत शोभते, किंबहुना देशसेवकाला ते शोभलेच पाहिजे, असा एक संकेत गुरुजींच्या वाणीने खानदेशात रूढ केला. इतिहासकार बार्बरा रोझेनवाइन ज्यांना भावसमुदाय म्हणतात, म्हणजे कोणती भावना कुठे आणि कशी व्यक्त करावी याविषयी समान संकेत पाळणारे लोक, तसा एक समुदाय येथे आकार घेत होता. शेतकऱ्यांचे कर्ज हा विषय त्यात अजून पुरता आलेला नव्हता.

फैजपूरला खेडे म्हणण्यात थोडी सोय होती, हेही नोंदवून ठेवतो. हा जुना कसबा होता. येथील रंगारी निळ्या आणि तांबड्या रंगासाठी नावाजलेले होते, लाकडाचा मोठा बाजार होता आणि एकोणिसाव्या शतकातच येथे नगरपालिका आली होती. सावद्याचे रेल्वे स्टेशन जवळ होते. आजूबाजूला केळी आणि कापसाची बागायती गावे होती. इतक्या माणसांच्या पाण्याची, धान्याची आणि वाहतुकीची व्यवस्था एखाद्या खरोखरच्या कोरडवाहू खेड्याला झेपली नसती. काँग्रेसने निवडलेले ‘खेडे’ हे सुस्थित शेतकऱ्यांच्या पट्ट्यातील होते, आणि ही निवड पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

तयारी : पाहुणचाराचे राजकारण

अधिवेशन खेड्यात भरावे ही गांधीजींची इच्छा होती. महाराष्ट्राच्या बाजूने शंकरराव देव, आणि प्रत्यक्ष भूमीवर खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, ज्यांनी पोलिसातील नोकरी सोडून काँग्रेसचे काम पत्करले होते, यांनी त्याचा भार उचलला. साने गुरुजी गावोगाव फिरून स्वयंसेवक आणि मदत गोळा करीत होते. शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले. आठ महिन्यांपूर्वी लखनौच्या अधिवेशनातील प्रदर्शनही त्यांनीच सजवले होते, पण येथे त्यांच्यापुढे अख्खे नगर उभे करण्याचे काम होते आणि अट अशी की ते गावात मिळणाऱ्या साहित्यातून, गावच्या कारागिरांच्या हातून व्हावे. बांबू, चटया, गवत यांतून ‘टिळकनगर’ उभे राहिले. २५ डिसेंबरला खादी आणि ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्‌घाटन करताना गांधीजींनी नंदलालबाबूंच्या कामाचा मुद्दाम गौरव केला.

या तयारीकडे केवळ व्यवस्था म्हणून पाहिले तर मर्म हातून निसटते. राजकीय भाषण ऐकून माणसाला जे वाटते ते घरी जाईपर्यंत विरू शकते. ज्याने स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून दिला, गाडी जुंपली, ज्वारीचे पोते उतरवले, त्याला त्या मंडपाविषयी जे वाटते ते वेगळ्या जातीचे असते. त्याची गुंतवणूक आधीच झालेली असते. खानदेशी माणसाला या गुंतवणुकीची भाषा नवीन नव्हती. कोणाच्या घरचे कार्य निघाले की गावाने वर्गणी काढायची, पंगतीला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करायला हात लावायचा, बाहेरगावच्या पाहुण्याला काही कमी पडू द्यायचे नाही, कमी पडले तर नाचक्की एकट्या घराची होत नाही, गावाची होते. ‘आपल्याकडे काँग्रेस येणार’ या वाक्यात काँग्रेस हा पक्ष कमी आणि पाहुणा अधिक होता. १९३५ चा कायदा काय आहे हे न कळताही गावाची अब्रू राखायची आहे हे प्रत्येकाला कळत होते, आणि तुरुंगात जाण्याचे धैर्य नसलेला मध्यम खातेदारसुद्धा या मार्गाने चळवळीत आला, हे माझ्या मते अधिवेशनाचे सर्वांत मोठे राजकीय यश होते. ते कोणत्याही ठरावात लिहिलेले नाही.

या भावनेला मर्यादाही तिच्या उगमातच होती. खानदेशात श्रावणात कानबाई देवीचे रोट होतात. भाऊबंदकीतील घरे मिळून धान्य मोजतात, दळतात, आणि तो रोट फक्त त्याच भाऊबंदांनी खायचा असतो. बाहेरच्याला तो देत नाहीत. एकत्र दळण्या-रांधण्यातून जिव्हाळा निर्माण होतो आणि त्याच कृतीने आपले कोण, परके कोण हेही पक्के होते. फैजपूरचा पाहुणचार रोटाइतका बंदिस्त नव्हता, काँग्रेसचे सर्व बोलणे तर त्याच्या विरुद्धच होते. तरीही यजमान कोण आणि राबणारे कोण, हा भेद मंडप उभारतानाच पडलेला होता.

ज्योत आणि झेंडा

काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत भरले होते. पन्नासाव्या अधिवेशनासाठी त्या जागेवरून ज्योत पेटवून ती धावपटूंनी हातोहात फैजपूरपर्यंत आणली. ही कल्पना साधी दिसते, पण तिने केलेले काम साधे नव्हते. मुंबईतील वकील-व्यापाऱ्यांच्या सभेतून निघालेली गोष्ट पायी, गावागावांतून, तरुणांच्या हातातून तापीच्या उत्तरेला पोहोचली; काँग्रेसचा पन्नास वर्षांचा प्रवास जणू पुन्हा एकदा चालून दाखवला गेला. वाटेवरच्या माणसाला भाषण ऐकायचे नव्हते, फक्त उभे राहून बघायचे होते, आणि बघितल्यानंतर त्याच्याकडे इतरांना सांगण्यासारखे काही उरत होते. अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. शेतकऱ्याच्या दारात रोज दिसणारा बैल राष्ट्राध्यक्ष म्हणून गौरवल्या जाणाऱ्या माणसाला ओढतो आहे, हे दृश्य नंदलालबाबूंनी योजलेले होते आणि ते अचूक लागले.

तिसरा प्रसंग मात्र कोणी योजलेला नव्हता. ध्वजारोहणाच्या वेळी झेंडा वर जाता जाता मध्येच अडकला. दोर ओढून काही होईना. लाखाच्या जमावासमोर राष्ट्राचा झेंडा अर्ध्यावर लटकलेला, खाली देशातील सर्वांत मोठे पुढारी उभे, आणि कोणालाच काही करता येत नाही. तेव्हा शिरपूरकडचा एक तरुण पुढे झाला, उंच काठीवर सरसर चढला, दोर मोकळा केला आणि झेंडा फडकला. खानदेशात फैजपूरची आठवण निघाली की शेतीच्या ठरावाआधी ही गोष्ट सांगितली जाते.

ज्योत आणि रथ यांच्यात प्रेक्षकाची भावना कोणीतरी आधी ओळखून ठेवली होती. अडकलेल्या झेंड्याने सर्वांनाच एकाच वेळी अगतिक केले : पुढारी आणि खातेदार, बंगालचा प्रतिनिधी आणि यावलचा गाडीवान, सगळे मान वर करून एकाच ठिकाणी बघत होते, आणि अपशकुनाची शंका सगळ्यांच्याच मनात असणार. त्या काही क्षणांत भाषेचा, शिक्षणाचा, पदाचा फरक उरला नाही. आणि सुटका जी झाली ती यजमान प्रांतातल्या पोराच्या हातून झाली. पाहुणचारातून आलेल्या अभिमानाला यापेक्षा चांगला शेवट कोणी लिहूनही देऊ शकले नसते. सामायिक भावना टिकून राहते ती अशा प्रसंगात जिथे खरोखर काहीतरी बिघडू शकले असते. नुसत्या शोभेच्या मिरवणुकीची आठवण इतकी धारदार राहत नाही. पुढील इतिहासही हेच सुचवतो. फैजपूरचा साचा यशस्वी ठरल्यावर फेब्रुवारी १९३८ मध्ये याच तापीच्या काठी, खाली गुजरातेत, हरिपुरा येथे एकावन्नावे अधिवेशन भरले आणि अध्यक्षांचा रथ एक्कावन्न बैलांनी ओढला. १९३९ मध्ये त्रिपुरीला बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली; तेथेच काँग्रेस सुभाषचंद्र बोस आणि गांधीजींचे अनुयायी यांच्यात उभी फुटण्याच्या बेतात आली. थाट वाढत गेला, पण थाटाने मतभेद झाकले गेले नाहीत.

एका मंडपाखाली तीन भावना

आता ठरावाकडे वळू. फैजपूरच्या शेतीविषयक कार्यक्रमात सारा आणि खंड (कुळाने जमिनीसाठी द्यायची रक्कम) कमी करणे, न परवडणाऱ्या लहान खात्यांना माफी, कर्जाच्या ओझ्याला आळा, वेठबिगारीचा अंत, गायरानांची सोय, शेतमजुरांना जगण्यापुरती मजुरी आणि शेतकरी संघांना मान्यता अशी कलमे होती. जमीनदारी नष्ट करण्याची मागणी त्यात आली नाही, आणि किसान सभेच्या मंडळींना ती उणीव खटकली. खानदेशच्या दृष्टीने जमीनदारीचा प्रश्न दूरचा होता. जवळचा होता तो सारा आणि कर्ज यांचा. ‘माझे कर्ज’ ही लाजेची गोष्ट या ठरावाने ‘शेतकऱ्याचे कर्ज’ केली. तिला व्यासपीठावर, राष्ट्राच्या अध्यक्षांसमोर, उघड नाव मिळाले. पाहुणचाराचा अभिमान घेऊन आलेला खातेदार परत जाताना एक रास्त तक्रार घेऊन गेला, आणि अभिमानाला तक्रारीची जोड मिळाली की ती मागणी होते.

मजुरीच्या कलमाचे तसे झाले नाही. केळीच्या आणि कापसाच्या शेतात प्रत्यक्ष राबणारा सालदार आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वर्षभरासाठी ठरत असे. अधिवेशनासाठी खड्डे खणणारे, पाणी वाहणारे, गाड्या हाकणारे हात मोठ्या प्रमाणात त्याचेच असणार, हे त्या गावगाड्याकडे बघितले की उघड आहे. पण त्याला मजुरी वाढवून द्यायची ती कोणी? मंडपात अभिमानाने बसलेल्या यजमानानेच. कर्जाचे कलम ऐकताना यजमानाचा हात टाळीला सहज गेला असेल. मजुरीचे कलम मात्र त्याच्याच घरावर येत होते, आणि दोन्ही कलमे एकाच कागदावर होती. सामायिक भावनेची ताकद इथे दिसते तशीच तिची लबाडीही दिसते : ज्यांचे हितसंबंध एकमेकांना छेद देतात अशांना ती एका रांगेत बसवते, आणि छेद कुठे आहे हे त्या दिवशी तरी कोणाला बोलावे लागत नाही. याला मी फसवणूक म्हणणार नाही. परकीय सत्तेसमोर उभे राहायचे तर अशी रांग लागतच होती. पण त्या रांगेला समता समजणे ही नंतरच्या गौरवलेखांची चूक आहे.

आणि काही जण रांगेत बसलेच नव्हते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, खानदेशच्या हद्दीपासून फार दूर नसलेल्या येवल्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली होती. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची सामायिक भावना त्या काळात दुसऱ्या सभांमध्ये, दुसऱ्या अपमानांच्या आठवणीवर उभी राहत होती, आणि गावाच्या अब्रूसाठी राबण्याचे आवाहन त्यांच्यासाठी अवघड होते, कारण त्या गावाची विहीर त्यांना खुली नव्हती. फैजपूरहून उत्तरेला सातपुडा नजरेस पडतो. तिथल्या भिल्ल-पावऱ्यांची तक्रार सावकाराइतकीच जंगल खात्याशी होती. त्यांच्यातील भावनेचा उद्रेक पश्चिम खानदेशात, तळोदे भागातील मोरवड येथे झाला : १९३८ च्या सुमारास गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमू लागले, दारू सोडू लागले, एकमेकांना ‘आप’ म्हणून आदराने संबोधू लागले. तेथे ना नेहरू होते ना ठराव; तरी स्वतःविषयीचा मान एकत्रितपणे अनुभवण्याची ती रीत राजकीय नव्हती असे म्हणणे कठीण आहे, आणि सरकारलाही ती तशी वाटली नाही.

नंतरचा हिशेब

१९३७ च्या निवडणुकीत मतदानाचा हक्क मालमत्ता, सारा आणि शिक्षण यांवर ठरत होता. म्हणजे ज्याने फैजपूरला यजमानपण केले तोच बहुतांशी मतदार होता. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. भावनेचे मतात रूपांतर झाले, येथवर वाट सरळ होती.

वळण पुढच्याच वर्षी आले. १९३८ साली अतिवृष्टीने पूर्व खानदेशातील पिके बुडाली. साऱ्याच्या माफीसाठी साने गुरुजींनी रान उठवले, सभा घेतल्या, शेतकऱ्यांना एकत्र केले. त्याच वर्षी अमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचेच साप्ताहिक सुरू केले होते. म्हणजे काँग्रेसचे नाव शिरावर घेतलेला माणूस काँग्रेसच्याच सरकारकडे, काँग्रेसच्याच ठरावाच्या आधारे, सारामाफी मागत होता. पक्षाच्या दृष्टीने हे अडचणीचे होते. ज्या भावनेला दोन वर्षांपूर्वी बांबूच्या कमानी बांधून आमंत्रण दिले होते, ती आता सत्तेच्या दारात हिशेब मागायला आली होती आणि तिला घरी परत पाठवणे सोपे नव्हते. माझ्या मते फैजपूरच्या भावनेची खरी परीक्षा डिसेंबर १९३६ मध्ये झाली नाही, १९३८ मध्ये झाली. आणि तिच्यात खानदेशातील शेतकरी उत्तीर्ण झाला, कारण त्याने पुढाऱ्याविषयीचा जिव्हाळा न सोडता त्याच्याकडे मागणे मागितले. खेर मंत्रिमंडळाने कूळ आणि कर्जदार शेतकऱ्यांसाठी १९३९ मध्ये कायदे केले, पण युद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये ते पायउतार झाले आणि अंमलबजावणी रेंगाळली.

यजमानपणाचे श्रेय मात्र स्थानिक नेतृत्वात टिकून राहिले. धनाजी नानांच्या नावाने फैजपुरात महाविद्यालय उभे राहिले. त्यांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री आणि पुढे १९९० ते १९९५ या काळात विधानसभेचे अध्यक्ष झाले. सहकार, शिक्षणसंस्था आणि बागायत यांच्या आधारे या पट्ट्यातील खातेदार समाजाने आपली १९३६ ची पुण्याई चांगली जोपासली.

सालदाराच्या मजुरीचे कलम सर्वांत उशिरा हलले. किमान वेतनाचा केंद्रीय कायदा १९४८ मध्ये आला आणि शेतमजुरी त्याच्या कक्षेत धरली गेली, पण कायद्याची मजुरी शेताच्या बांधापर्यंत पोहोचायला अनेक वर्षे गेली. पश्चिम खानदेशातील शहादे परिसरात १९७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराजांच्या कामातून आणि श्रमिक संघटनेतून आदिवासी सालदार आणि भूमिहीन एकत्र आले, तेव्हा त्यांनी गेलेल्या जमिनी, मजुरी आणि सालदारकीच्या अटी हेच विषय घेतले. दारूविरुद्ध तेथील बायकांनी भट्ट्या फोडल्या. त्या सभांसाठी सतरंज्या अंथरणारे आणि त्यांवर बसणारे लोक एकच होते.